वर बर्फ दगडासारखा, खाली दूध नासलेलं : एका फ्रिजचं दोनदा केलेलं निदान

फ्रिज दोन दारांचा. वर फ्रीझर, खाली मोठा कप्पा, फ्रॉस्ट-फ्री म्हणजे आतला बर्फ स्वतःच वितळवणारा, साधारण २५० लिटरचा आणि नऊ वर्षं वापरातला. इलेक्ट्रॉनिक बोर्ड नाही, डिस्प्ले नाही, बर्फ वितळवण्याची वेळ ठरवणारा जुन्या पद्धतीचा फिरता टायमर. फ्रिज माझ्या ताईचा. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. घरातली यंत्रं उघडून बघण्याची सवय आहे आणि एक बरा मल्टिमीटर जवळ आहे, एवढंच. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात मी स्वतः एकदा चुकलो, आणि ती चूक या दोषाच्या स्वभावातच दडलेली आहे.

ताईचं म्हणणं असं होतं : "अरे, वर बर्फ दगडासारखा घट्ट आहे आणि खाली ठेवलेलं दूध सकाळी नासलेलं. असं चार दिवस चाललंय." तिने दोन्ही नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवले होते. एक मेकॅनिक येऊन गेले होते. त्यांनी खालच्या कप्प्यात हात घालून पाहिला, मागे हात लावला आणि गॅस कमी झालाय, भरावा लागेल असं सांगितलं. ताई अडली ती एकाच प्रश्नावर. गॅस कमी असेल तर वरचा बर्फ घट्ट कसा?

तिचा प्रश्न बरोबर होता. सगळ्या प्रकरणाची चावी त्यातच होती.

गार हवा एकाच ठिकाणी तयार होते

बऱ्याच जणांची समजूत असते की वरच्या कप्प्याला वेगळं गार करणारं यंत्र आणि खालच्याला वेगळं. या प्रकारच्या बहुतेक फ्रिजमध्ये तसं नसतं. गार होणारी कॉइल, म्हणजे नळ्यांचं वेटोळं, एकच. ती फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड असते. तिच्यापाशी एक छोटा पंखा असतो. तो कॉइलमधून हवा ओढून बरीचशी फ्रीझरमध्ये फेकतो आणि थोडी एका नळीवाटे खाली सोडतो. खालचा कप्पा गार राहतो तो या उसन्या हवेवर. त्यामुळे वर ठीक आणि खाली गरम असं दिसलं की पहिला संशय हवेच्या वाटेवर घ्यायचा. गॅसचा क्रम त्यानंतर.

हवेची वाट अडण्याची कारणं मोजकी. झरोक्यांसमोर डबे दाटून ठेवलेले, पंखा बंद, खाली हवा सोडणारी झडप अडकलेली, किंवा कॉइलवर इतका बर्फ की हवेला आत शिरायलाच जागा नाही.

ताईने फिरवलेल्या नॉबबद्दल इथेच सांगतो. काही दोन-दारी मॉडेलमध्ये फ्रीझरचा नॉब थर्मोस्टॅट नसतोच, ती हवेची झडप असते. तो जास्तीत जास्त थंडवर नेला की वर जास्त हवा थांबते आणि खाली कमी उतरते. म्हणजे खालचं दूध वाचवायला वरचा नॉब वाढवला तर खालचा कप्पा आणखी गरम होतो. दोन्ही नॉब मधोमध आणून ठेवले आणि मग मोजायला सुरुवात केली.

पहिला दिवस : काही न उघडता

हाताने पाहिलेलं तापमान फसवतं. गरम दिवशी १३ अंशाची हवाही हाताला छान गार लागते. म्हणून मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर सोडला आणि रात्रभर तसाच राहू दिला. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं तितक्या लवकर बदलत नाही. सकाळी पाणी १३ अंश सेल्सिअस होतं. तिथे ४ च्या आसपास हवं. फ्रीझरमध्ये दोन पाकिटांच्या मध्ये उणे १४ होतं, तिथे उणे १८ हवं. वर थोडं बिघडलेलं, खाली पुरतं बिघडलेलं.

प्लगमध्ये लावायचा एक छोटा वॅटमीटर माझ्याकडे आहे. या प्रकरणात माझ्या सगळ्या हत्यारांत त्याचाच उपयोग सर्वांत जास्त झाला. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, चालू असताना वॅटमीटर ११० वॅट दाखवत होता आणि चोवीस तासांत अडीच युनिट वीज गेली. ११० वॅटने दिवसभर अखंड चाललं तर २.६४ युनिट होतात. म्हणजे कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नव्हता. 'जवळजवळ' हा शब्द मी तेव्हा सोडून दिला. ताई बोलता बोलता म्हणाली होती की दिवसातून दोन-तीनदा फ्रिज वीस-पंचवीस मिनिटं अगदी शांत होतो आणि परत सुरू होतो. मी मान हलवली आणि पुढे गेलो. तिथे थांबायला हवं होतं.

दाराचं रबर तपासलं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. घट्ट लागली तर रबर ठीक, सुळकन सुटली तर तिथून बाहेरची हवा आत येते. खालच्या दाराचा बिजागरीकडचा खालचा कोपरा सैल निघाला, बाकी चांगलं होतं. फ्रीझरच्या दाराचा खटका बोटाने दाबून पंखा ऐकला, कारण बऱ्याच फ्रिजमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो आणि लोकांना तो बिघडला असं वाटतं. पंखा फिरत होता, पण आवाज दबलेला, मधूनच खर्र खर्र. खालच्या झरोक्यासमोर टिश्यू पेपरची पट्टी धरली. हललीसुद्धा नाही.

आता गॅसचा मुद्दा. फ्रिजमधला गॅस इंधनासारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच पुन्हापुन्हा फिरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती गळती शोधल्याशिवाय गॅस भरण्याला अर्थ नाही. गॅस कमी पडला की कॉइलची सुरुवातीची काही वेटोळीच गार होतात, पुढची कोरडी राहतात, आणि फ्रीझरही ढिला पडतो. इथे फ्रीझर उणे १४ वर टिकून होता. त्या मेकॅनिकांकडे हे तपासण्याइतका वेळ नसेल हे मी समजू शकतो. पण गॅस भरण्यासाठी बंद नळी कापायला लावणारा निर्णय नुसता हात लावून घेतला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी मागे जाऊन कॉम्प्रेसरच्या वरचा पाण्याचा ट्रे पाहिला. कोरडा ठणठणीत, त्यावर धुळीचा थर. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज दिवसातून काही वेळा स्वतःच्या कॉइलवरचा बर्फ वितळवतो आणि ते पाणी नळीने या ट्रेमध्ये येतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते उडून जातं, म्हणून ट्रे रिकामा दिसणं वावगं नाही. पण तिथे पाण्याचा ओघळ, डाग, चिकट कडा असं काहीतरी असतं. नुसती धूळ असेल तर त्या ट्रेने बऱ्याच दिवसांत पाणी पाहिलेलं नाही.

पडद्यामागे

प्लग काढला, सामान बाहेर काढलं. जे पदार्थ चार दिवस १३ अंशात होते आणि नासू शकत होते, ते वास-चव न बघता टाकून दिले. ताईला वाईट वाटलं. पण आजारी पाडणारे जंतू वाढले तरी वास येतोच असं नाही, त्यामुळे हुंगून ठरवणं इथे उपयोगाचं नाही.

फ्रीझरच्या मागच्या पडद्याचे स्क्रू निघाले, पण पडदा हलेना. आतून बर्फाने धरला होता. या क्षणी सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकण्याचा मोह होतो आणि इथेच चांगले फ्रिज कायमचे जातात. पडद्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या असतात. एक टोचा बसला की गॅस बाहेर. मागच्या पाटीवर आर-६००ए लिहिलं होतं, म्हणजे आयसोब्युटेन. तो ज्वलनशील असतो. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. त्याने ओझोनच्या थराला हानी होते म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. मग आर-१३४ए आला आणि आता बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. प्रमाण थोडंच असतं, काही दशग्रॅम. तरीही फुटलेली नळी आणि जवळ एखादी ठिणगी हे नको. हेअर ड्रायर किंवा हीट गन मी वापरत नाही. गळतं पाणी आणि चालू विजेचं उपकरण एकत्र आणायचं नाही, आणि प्लास्टिक वाकतं ते वेगळंच. दारं उघडी ठेवली, फ्रीझरमध्ये टॉवेलवर गरम पाण्याचं भांडं ठेवलं आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदललं.

दोन तासांनी पडदा सुटला. मागची कॉइल दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे, एकसारखा पांढरा बर्फ. खालच्या भागात तो काचेसारखा घट्ट झालेला, आणि पंख्याच्या पात्याला एका बाजूने टेकलेला. खर्र खर्र आवाज त्याचाच. बर्फ सगळीकडे सारखा होता, म्हणजे कॉइल सगळीकडे सारखी गार होत होती. गॅसचा प्रश्न इथे निकालात निघाला.

पूर्ण वितळायला रात्र गेली. टॉवेल पिळून आणि भांड्यात धरून जमवलेलं पाणी साडेतीन लिटरच्या आसपास भरलं. हा आकडा लिहून ठेवला आणि नंतर त्याचाच उपयोग झाला.

हीटरचा हिशोब

कॉइलच्या खाली एक हीटर असतो. टायमर ठरावीक तासांनी, या प्रकारात कॉम्प्रेसर साधारण आठ तास चालल्यावर, कॉम्प्रेसर बंद करतो आणि वीस-पंचवीस मिनिटं हीटरला वीज देतो. हीटरच्या वाटेत आणखी दोन पहारेकरी असतात. एक बायमेटल थर्मोस्टॅट. तो कॉइलच्या नळीवर चिमट्याने बसवलेला असतो. कॉइल गोठलेली असली की त्याचे संपर्क जुळतात आणि बर्फ वितळून कॉइल १० अंशांच्या आसपास आली की सुटतात. दुसरा थर्मल फ्यूज. बायमेटल कधी सुटलाच नाही, तर ७० अंशांच्या थोडं वर तो जळतो आणि आग टळते. टायमर, बायमेटल, फ्यूज, हीटर हे सगळे एकाच माळेतले मणी. एक तुटला की हीटर तापत नाही.

मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजला : ३४५ ओहम. २३० व्होल्टला हा हीटर १५३ वॅटचा होतो, म्हणजे ठणठणीत. फ्यूज सलग होता. बायमेटल तुटक दाखवत होता, म्हणजे संपर्क सुटलेले.

अनेकजण इथे फसतात. तुटक दिसला की बायमेटल बदलतात. पण खोलीच्या तापमानात चांगला बायमेटलही तुटकच असतो, ते त्याचं कामच आहे. हे मला माहीत होतं. म्हणून मी "खोलीच्या तापमानात आहे, तुटक दाखवणारच" असं म्हणून त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. चूक ती इथे. खोलीच्या तापमानात चांगला बायमेटल तुटक दिसतो आणि मेलेलाही तुटकच दिसतो. त्या मोजणीतून काहीच सिद्ध होत नव्हतं, ना बिघाड, ना धडधाकटपणा. मी 'तपासलं नाही' असं लिहायच्या जागी 'ठीक' लिहिलं.

तसं लिहायला मला एक कारणही मिळालं होतं. ताईला आठवलं की दहा-बारा दिवसांपूर्वी एक मोठं भांडं आडवं आल्यामुळे फ्रीझरचं दार रात्रभर फटीएवढं उघडं राहिलं होतं. मी मनात हिशोब केला. एक किलो बर्फ ० अंशाला वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. १५० वॅटचा हीटर २५ मिनिटांत २२५ किलोज्यूल देतो. सगळी उष्णता बर्फातच गेली असं धरलं तरी एका खेपेत दोन-तृतीयांश किलो बर्फ वितळेल. इथे साडेतीन किलो होता. एका रात्रीत बाहेरची दमट हवा शिरून बर्फ हीटरच्या आवाक्याबाहेर गेला, तर सगळे भाग चांगले असूनही फ्रिज स्वतःहून कधीच सावरू शकत नाही. प्रत्येक खेपेत थोडं वितळतं, ते खाली पुन्हा गोठतं आणि पुढच्या आठ तासांत वर नवं साचतं.

हिशोब खरा आहे आणि असं खरंच घडतं. कितीतरी फ्रिज फक्त एक दिवस बंद ठेवून पूर्ण वितळवल्यावर वर्षानुवर्षं नीट चालतात. म्हणून मी मानलं की हेही तसंच. पडदा लावला, फ्रिज सुरू केला. दुसऱ्या सकाळी ग्लासातलं पाणी ४ अंश, फ्रीझर उणे १९, वीज निम्म्याहून कमी. ताईला सांगितलं, झालं काम.

आठवा दिवस

थर्मामीटरचा ग्लास मी तिथेच ठेवायला सांगितला होता, एवढं एक बरं केलं. ताई रोज सकाळी आकडा कळवायची. ४, ४, ४, ५, ४, ५, ७. आठव्या दिवशी ९.

यात शिकण्यासारखं जे आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं. वितळवलेला फ्रिज काही दिवस बरा वागतोच, आतला बिघाड तसाच असला तरी. बर्फ साचून हवा अडायला वेळ लागतो. आता कल्पना करा, ताईने गॅस भरायला होकार दिला असता. त्या कामासाठी फ्रिज तासन्‌तास बंद राहिला असता, कदाचित दुकानात एखादी रात्र. बर्फ आपोआप वितळला असता. गॅस भरून फ्रिज परत आला असता, दुसऱ्या दिवशी सुरेख गार झाला असता, आणि आम्ही सगळ्यांनी मान्य केलं असतं की गॅसच कमी होता. आठ दिवसांनी पुन्हा बिघडल्यावर गॅस परत गळला असं सांगितलं गेलं असतं आणि तेही आम्हाला पटलं असतं. चांगली, न गळणारी बंद नळी मात्र कापून बसलो असतो. मेकॅनिक खोटं बोलले असते असं नाही. त्यांनी डोळ्यांनी फ्रिज गार होताना पाहिला असता. कदाचित असेच अनेक फ्रिज पाहून त्यांचा तो अनुभव बनला असेल.

माझी "दार उघडं राहिलं होतं" ही समजूतही त्याच कारणामुळे चार-पाच दिवस खरी ठरत राहिली.

दुसऱ्यांदा, गोठलेला असताना

या वेळी ठरवलं की वितळवायच्या आधी तपासायचं. पहिल्यांदा मी पुरावाच वितळवून टाकला होता.

कॉम्प्रेसर चालू, वॅटमीटर ११० वर. या मॉडेलचा टायमर मागे खाली, कॉम्प्रेसरच्या बाजूला आहे. त्याला एक खाच असते. प्लग काढून ती स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवली, टक्‌ असा आवाज आला, पुन्हा प्लग लावला. आता टायमर बर्फ वितळवण्याच्या पाळीत होता. कॉम्प्रेसर गप्प. वॅटमीटरने आता १५० च्या आसपास दाखवायला हवं होतं. तो २-३ वॅट दाखवत होता, नुसत्या टायमरच्या मोटरपुरते.

त्या क्षणी ताईचं पहिल्या दिवसाचं वाक्य आठवलं. दिवसातून दोन-तीनदा वीस-पंचवीस मिनिटं शांत. टायमर आपलं काम वेळच्या वेळी करत होता, कॉम्प्रेसर थांबवत होता, हीटरला हाक देत होता. हाक पोचत नव्हती. ते वाक्य तेव्हाच धरलं असतं, तर टायमर चांगला आणि दोष त्याच्या पुढे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. घरातल्या माणसाचं यंत्रावर जेवढं लक्ष असतं तेवढं बाहेरून आलेल्याचं नसतं.

प्लग काढला, पडदा पटकन उघडला. आठ दिवसांचाच बर्फ असल्याने तो सहज निघाला. कॉइल अजून उणे १५ च्या जवळ होती आणि बायमेटल तिच्यावर चिमट्यात बसलेला, स्वतःही तेवढाच गार. त्याच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावला. तुटक. बहुतेक बायमेटल उणे ५ ते उणे १० च्या दरम्यान जुळतात, मॉडेलनुसार थोडं इकडेतिकडे. उणे १५ ला तुटक म्हणजे गेलेला.

तरी खात्री करून घेतली, कारण एकदा घाई भोवली होती. बायमेटल काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तारा बाहेर ठेवल्या. बर्फाचा चुरा तीन भाग, मीठ एक भाग असं मिश्रण भांड्यात केलं. नुसता वितळता बर्फ ० अंशाच्या खाली जात नाही. मिठाने तो उणे १५ आणि त्याखालीही जातो. वीस मिनिटं त्यात बुडवून ठेवला. काही फरक नाही. नवा बायमेटल आणल्यावर बसवण्याआधी त्यालाही याच परीक्षेला बसवलं. बाहेर तुटक, मिश्रणात काही मिनिटांनी बारीक टिचकीचा आवाज आणि मीटरवर जवळपास शून्य ओहम. भांड्याबाहेर काढल्यावर थोड्या वेळाने पुन्हा तुटक. चांगला भाग असा वागतो. जुना बायमेटल उजेडात धरला तर त्याचं प्लास्टिकचं झाकण फुगलेलं आणि कडेला बारीक चीर. आत ओल गेली होती. वर्षानुवर्षं गोठणं-वितळणं सोसणाऱ्या या भागाचा हा नेहमीचा शेवट आहे.

नवा घेताना मॉडेल क्रमांक जुळवून घेतला. दिसायला सगळे सारखेच असतात, पण जुळण्या-सुटण्याचं तापमान वेगळं असतं. लवकर सुटणारा बसवला तर बर्फ अर्धवट वितळतो आणि महिन्याभराने तेच दुखणं परत. तारांचे जोड नुसते पिळून चिकटपट्टी लावून चालत नाही, कारण तिथे कायम ओल असते. बंदिस्त जोड वापरून त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवली.

पडदा लावण्याआधी आणखी दोन कामं केली. कॉइलच्या खाली पाणी वाहून जायचं भोक असतं, ते बर्फ आणि मळाने बुजलेलं होतं. कोमट पाणी थोडं थोडं सोडत राहिलो, मागच्या ट्रेमध्ये खळखळ ऐकू येईपर्यंत. हे राहून गेलं असतं तर हीटरच्या पुढच्या खेपेचं पाणी तिथेच तुंबून गोठलं असतं आणि पुढे भाजीच्या कप्प्याखाली थारोळं झालं असतं. दुसरं, दाराच्या रबराचा सैल कोपरा. रबर साबणाच्या पाण्याने पुसलं, गरम पाण्यात बुडवलेलं फडकं त्या कोपऱ्यावर धरून रबर मऊ केलं आणि ओढून सरळ बसवलं. कागदाची पट्टी आता तिथेही धरते.

मग पुन्हा टायमर फिरवला. कॉइल तोवर गरम झाली होती, त्यामुळे हीटर लागणार नव्हता आणि लागलाही नाही. फ्रिज रात्रभर चालवला, सकाळी कॉइल गोठलेली असताना खाच फिरवली. टक्‌. वॅटमीटर १५१. पाच मिनिटांत पडद्यामागून ठिबकण्याचा आवाज. अठराव्या मिनिटाला आकडा परत २-३ वर आला, म्हणजे बायमेटल सुटला. टायमर संपायच्या आधी सुटला, याचा अर्थ बर्फ पूर्ण वितळला होता.

इतर फ्रिजना हे कितपत लागू

नव्या, बोर्ड असलेल्या फ्रिजमध्ये फिरता टायमर नसतो. बोर्ड ठरवतो, आणि बर्फ वितळल्याचं त्याला एक सेन्सर सांगतो, ज्याचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो. तिथे बर्फ वितळवण्याची पाळी हाताने सुरू करायला बटणांचा ठरावीक क्रम असतो आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. पण वॅटमीटरची कसोटी तिथेही चालते : पाळी सुरू झाल्यावर आकडा हीटरएवढा चढला पाहिजे. एका दाराच्या साध्या फ्रिजला यातलं काही लागू नाही. तिथे बर्फ हाताने बटण दाबून वितळवायचा असतो. मी वर सगळे रोध प्लग काढून मोजले आहेत. चालू वीज असताना पडद्यामागे हात किंवा मीटरची टोकं घालू नयेत, हीटरच्या तारांत पूर्ण व्होल्टेज असतं. तेवढी सवय नसेल तर थर्मामीटर, टिश्यू पेपर, ट्रे आणि वॅटमीटर इथपर्यंत स्वतः करावं आणि ते आकडे कागदावर लिहून मेकॅनिकांच्या हाती द्यावेत. "खाली १३, वर उणे १४, ट्रे कोरडा, झरोक्यातून हवा नाही" एवढं वाचल्यावर चांगला मेकॅनिक गॅसचं नाव काढणार नाही.

दुसऱ्या दुरुस्तीनंतर मी आठव्या दिवशी काही बोललो नाही, पंधराव्या दिवशीही नाही. ताई रोज आकडा कळवत राहिली. तीन आठवडे ४ आणि ५ च्या पुढे गेला नाही. चोवीस तासांची वीज १.१ युनिटवर आली. बाविसाव्या दिवशी तिला टॉर्च घेऊन फ्रिजच्या मागे बघायला सांगितलं. ट्रेच्या तळाला बोटाच्या पेराएवढं पाणी होतं, आणि धूळ त्यात भिजून कडेला लागली होती.